पेटीतला रुपया : जुने परदेशी नाणे चांदीचे आहे की नाही, हे कसे ओळखावे

(कुवेत सिटी येथे शुक्रवारच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी आगमनाच्या स्मरणिकेसाठी कुवेतहून काहीतरी पाठवा, असा निरोप आला तेव्हा आम्ही थोडे विचारात पडलो. येथे ना ऊसमळे, ना आपल्या पूर्वजांच्या झोपड्यांच्या जागा, ना पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. आम्ही येथे पोटासाठी आलेली माणसे आहोत. आमच्यातली काही कुटुंबे मॉरिशसची, काही थेट रत्नागिरी-सिंधुदुर्गची. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या हाती एक पेटी आली, आणि त्या पेटीने आम्हांला जे शिकवले ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल असे वाटले. म्हणून आज तेच सांगतो.

आमच्यापैकी एक कुटुंब सुटीवरून मॉरिशसहून परतले, ते एक लहानशी पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत सहा नाणी होती. वाक्वा येथील घरात चार भावंडांमध्ये वाटणी व्हायची होती. त्यातला एक रुपया मात्र वाटणीत धरायचा नाही, असे सर्वांनी ठरवले होते. तो पणजोबांच्या पहिल्या मजुरीतला चांदीचा रुपया, अशी घरातली पक्की समजूत. प्रदर्शनात ठेवण्यासाठी त्याची चिठ्ठीसुद्धा लिहून तयार होती. बाकी पाच नाण्यांची किंमत काय, चांदीची कोणती, एवढे तपासून द्या, असे काम आमच्याकडे आले.

पहिली चूक आमची. आम्ही पेटी उचलली आणि सरळ बाजारात गेलो. तेथे एका खरेदीदाराने नाणी हातातही न घेता सांगितले, "सगळे जर्मन सिल्व्हर आहे," आणि सहाही नाण्यांची मिळून एक किरकोळ रक्कम बोलला. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. नावात चांदी, धातूत रतीभरही नाही. आम्ही पेटी बंद केली आणि घरी परतलो. त्या दिवशी आम्हांला कळले, की आपले नाणे आपल्याला ओळखता आले नाही, तर दुसरा सांगेल ती त्याची जात आणि दुसरा देईल ती त्याची किंमत.

आपल्या पूर्वजांच्या गावात हे काम करणारा माणूस असे. नाणे पारखून खरे-खोटे सांगणारा तो पोतदार. आज ते आडनाव उरले आहे, काम विसरले गेले. पण 'खणखणीत नाणे', 'कसाला उतरणे', 'पारख असणे' हे शब्द आपण अजून बोलतो. ते सगळे त्याच कामातून आलेले आहेत. तेव्हा चला, थोडा वेळ आपण सगळे पोतदार होऊ.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नाणे 'परदेशी' म्हणजे कुठले? येथे कुवेतमध्ये भारतीय रुपया हे परदेशी नाणे. पण पूर्वी येथे चालत असे तो तोच. कुवेतची जहाजे खजूर घेऊन हिंदुस्थानच्या किनाऱ्याला जात, येथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि त्या व्यापारातून रुपये परत येत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा काढल्या. १ एप्रिल १९६१ रोजी कुवेतचा स्वतःचा दिनार आला, तेव्हा १३ रुपये आणि वर एक तृतीयांश रुपया म्हणजे एक दिनार, असा हिशेब धरला गेला. एका रुपयाला ७५ फिल्स पडले. म्हणजे येथील जुन्या घरांतही व्हिक्टोरिया आणि जॉर्ज यांचे रुपये असायचे, आणि तुमच्या वाक्वा-कास्कावेलच्या घरांतही.

मॉरिशसमध्ये १८७६ मध्ये रुपया हे अधिकृत चलन ठरले, आणि १८७७ पासून शंभर सेंटचा हिशेब धरून बेटाची स्वतःची नाणी निघाली. पण त्याही आधीपासून आपल्या माणसांची मजुरी रुपयांतच मोजली जाई. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना ५ रुपये आणि वर शिधा, मुदत पाच वर्षांची. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम होता. म्हणून एखाद्या घरात एक रुपया पिढ्यान् पिढ्या जपून ठेवला असेल, तर त्याकडे आपण साधे नाणे म्हणून बघत नाही. पाच रुपयांतला एक रुपया न मोडता बाजूला ठेवणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको.

आता तपासणीकडे वळू. आम्ही ती शुक्रवारी दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. साहित्य एवढेच : दशांशाच्या दोन घरांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, एक चुंबक, एक भिंग, काचेचा पेला, पाणी, शिवणाचा दोरा आणि एक लाकडी पेन्सिल.

पहिली पायरी : वाचा.

नाणे काय आहे हे ठरवल्याशिवाय ते काय असायला हवे हे कळत नाही. साल बघा, राजा किंवा राणी बघा, देश बघा. हिंदुस्थानचा रुपया १८३५ पासून एका ठरावीक मापाचा झाला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आपला एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. व्हिक्टोरिया १८७६ पर्यंत नाण्यावर 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. तिच्यानंतर सातवा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज. या सर्वांचे रुपये त्याच कसाचे. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला, आणि पुढच्या वर्षी चित्र बदलावे लागले. पण चांदी मात्र बदलली नाही.

चांदी बदलली ती सहाव्या जॉर्जच्या काळात. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मी. उरलेल्या निम्म्यात तांबे, थोडे निकेल, थोडे जस्त. आणि १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे, तो शुद्ध निकेलचा. त्यात चांदी अजिबात नाही. स्वतंत्र भारताचा १९५० चा रुपयाही निकेलचा.

लहान नाण्यांत आणखी एक फसगत आहे. चांदीची अधेली ५.८३ ग्रॅमची आणि पावली २.९२ ग्रॅमची. पण पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, म्हणून १९१९ ते १९२१ या वर्षांत आठ आण्यांची आणि चार आण्यांची नाणी तांबे-निकेलच्या मिश्रणात काढली गेली. राजा तोच, धातू वेगळा.

मॉरिशसच्या नाण्यांत व्हिक्टोरियाची १० आणि २० सेंटची नाणी चांदीची, हजारात ८०० भाग. २० सेंटचे वजन २.३३ ग्रॅम, १० सेंटचे त्याच्या निम्मे. १, २ आणि ५ सेंट ही कांस्याची. पाचव्या जॉर्जचा १९३४ चा मॉरिशस रुपया हा हिंदुस्थानच्या जुन्या रुपयाच्याच कसाचा. त्याच्याबरोबरचा हरणाचे चित्र असलेला अर्धा रुपयाही तसाच. पण १९५० आणि १९५१ चे रुपये तांबे-निकेलचे. दिसायला थोरला भाऊ, धाकटा भाऊ. पण एकात चांदी आहे, दुसऱ्यात नाही.

आखातात फिरणाऱ्या मराठी माणसाच्या हाती आणखी एक मोठे नाणे हमखास येते. त्यावर जाड मानेची, पदर घेतलेली एक बाई आणि १७८० हे साल. हा ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचा थालर. राणी १७८० मध्ये वारली, पण अरबस्तानातल्या व्यापाऱ्यांना तेच नाणे हवे असे, म्हणून पुढे दीडशे-दोनशे वर्षे तेच साल घालून ते पाडले जात राहिले. व्हिएन्ना, लंडन, रोम अशा ठिकाणी, आणि १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. तेव्हा १७८० साल दिसले म्हणून नाणे १७८० चे असे नाही, पण म्हणून ते खोटेही नाही. खऱ्या थालरचे वजन २८.०७ ग्रॅम, रुंदी सुमारे ४० मिलिमीटर, चांदी हजारात ८३३. कडेवर लॅटिन अक्षरे उठवलेली असतात, अर्थ 'न्याय आणि दया'. बाजारातले जुने लोक राणीच्या दागिन्यावरचे मोती मोजून नाणे घेत. मोत्यांच्या देशाला शोभणारी परीक्षा.

दुसरी पायरी : वजन करा.

जुना रुपया चांदीचा असेल तर त्याचे वजन ११.६६ पेक्षा फारसे जास्त असू शकत नाही. कमी असू शकते, कारण हाताळून चांदी झिजते. फार झिजलेला रुपया ११.२ किंवा ११.३ भरला तर घाबरू नका. पण चेहरा, अक्षरे, कडेच्या रेघा सगळे नव्यासारखे स्पष्ट आणि वजन १० ग्रॅम, असे असेल तर संशय घ्या. झीज दिसत नाही, मग वजन गेले कुठे?

ज्या नाण्याला गळ्यात घालण्यासाठी कडी किंवा नाके डाखलेले आहे, त्याचे वजन जास्त भरेल. आपल्या आज्यांच्या माळांतले रुपये बहुतेक असेच असतात. तेथे वजनावरून निकाल लावू नका.

तिसरी पायरी : चुंबक लावा.

चांदी चुंबकाला चिकटत नाही. नाणे चिकटले, तर ते चांदीचे नाही, विषय संपला. शुद्ध निकेल चांगलेच चिकटते, लोखंडही. पण याच्या उलट मात्र खरे नाही. न चिकटलेले नाणे चांदीचेच असेल असे नाही, कारण पितळ, शिसे, तांबे आणि तांबे-निकेलचे नेहमीचे मिश्रण हेही चिकटत नाही. म्हणजे चुंबक 'नाही' म्हणतो तेव्हा त्याचे ऐका. तो गप्प राहिला तर पुढच्या पायरीवर जा.

चौथी पायरी : ऐका.

नाणे बोटाच्या टोकावर तोला आणि लाकडी पेन्सिलीने कडेला हलकेच टिचकी द्या. चांदीचा नाद बारीक, उंच आणि लांबणारा असतो. शिशाचे किंवा शिसे भरलेले नाणे बद्द वाजते. फरशीवर आपटून बघू नका, कडेला चेप पडते. आणि बद्द वाजले म्हणून लगेच खोटे ठरवू नका. कडी डाखलेले किंवा आतून चीर गेलेले खरे नाणेही बद्द वाजते.

पाचवी पायरी : भिंगातून बघा.

जेथे झीज सर्वांत जास्त, म्हणजे राणीचा गाल, केस, कडा, तेथे बघा. खाली तांबूस किंवा पिवळसर धातू डोकावत असेल तर वर चांदीचा नुसता मुलामा आहे. चांदी काळी पडते, ती हवेतल्या गंधकामुळे. हा काळेपणा खोलगट भागात जास्त आणि उंच भागात कमी असतो. ते नैसर्गिक आहे. उलट निकेलचे नाणे पन्नास-साठ वर्षांनीही लखलखते. आमच्या पेटीतली गोष्ट याच ठिकाणी वळली, ती पुढे सांगतो.

येथेच हात जोडून एक विनंती. नाणे घासू नका. रांगोळी, राख, चिंच, दंतमंजन, काहीही लावू नका. देवाची भांडी घासतो तसे नाणे घासले, की त्याच्यावरची बारीक रेषा गेली. धातूची किंमत तेवढीच राहते, संग्राहकाची किंमत जाते, आणि परत येत नाही.

सहावी पायरी : पाण्यात तोला.

ही सर्वांत भरवशाची घरगुती परीक्षा, आणि मुलांना करायला आवडते. चांदी जड धातू. त्याच आकाराच्या पाण्यापेक्षा शुद्ध चांदी साडेदहा पट जड असते, तांबे आणि निकेल सुमारे नऊ पट, पितळ साडेआठ पट. हे मोजायचे असे.

आधी नाणे कोरडे तोला आणि आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही, असे हातात धरा. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. आता काट्यावर जो आकडा येईल, तो नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. बस, एवढेच.

जुन्या रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास यावे. मॉरिशसच्या २० सेंटचे १०.१, थालरचे १०.२. युद्धकाळातल्या निम्म्या चांदीच्या रुपयाचे साडेनऊच्या थोडे वर. उत्तर ८.९ आले तर तांबे-निकेल किंवा निकेल, ८.५ आले तर पितळ.

येथे खबरदारी हवी. आकडा लहान असतो, म्हणून काट्याची थोडी चूक उत्तरात मोठी होते. रुपयाच्या बाबतीत १०.१ आणि १०.४ यांतला फरक या काट्यावर सांगता येत नाही, पण १०.३ आणि ८.९ यांतला नक्की सांगता येतो. २० सेंटचे नाणे एकटे तोलले तर काटा गोंधळतो. पाच-सहा एकसारखी नाणी असतील तर ती एकत्र बांधून तोला.

बर्फाची परीक्षाही लोक सांगतात. चांदीवर ठेवलेला बर्फाचा खडा झपाट्याने वितळतो, कारण चांदी उष्णता फार लवकर वाहून नेते. खरे आहे, पण तांबेही जवळजवळ तसेच करते, आणि कुवेतच्या जुलैत बर्फ कशावरही टिकत नाही. म्हणून आम्ही तिच्यावर विसंबत नाही. आम्लाची परीक्षा तर घरी करूच नका. त्यात नत्राम्ल लागते, ते त्वचा जाळते आणि नाण्यावर डाग सोडते. ते सराफाचे काम. आजकाल दुकानांत क्ष-किरणांनी धातू सांगणारे यंत्र असते. ते उत्तम, पण ते फक्त वरचा थर वाचते. जाड मुलामा दिला असेल तर त्यालाही चकवा बसतो. म्हणून यंत्राचा कागद हाती असला तरी पाण्यातला आकडा सोडू नका. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हा जुना नियम नाण्यालाही लागू आहे.

आता आमच्या पेटीकडे परत येऊ.

सहा नाणी होती. व्हिक्टोरिया एम्प्रेसचा १८९० चा एक काळाकुट्ट, झिजलेला रुपया. एडवर्डचा १९०७ चा कडी लावलेला रुपया. मॉरिशसची २० सेंटची दोन नाणी. मॉरिशसचाच १९५१ चा एक रुपया. आणि लाल कापडात वेगळा बांधलेला, लखलखीत, पणजोबांचा म्हणून जपलेला तो रुपया.

१८९० चा रुपया ११.३१ ग्रॅम भरला. चुंबक गप्प. पाण्यातला आकडा १.१०. उत्तर १०.२८. चांदी. २० सेंटची दोन्ही नाणी वजनाला बरोबर, टिचकीला मंजूळ. चांदी. एडवर्डचा रुपया कडीमुळे जड आणि नादाला बद्द, पण भिंगातून झिजलेल्या गालावर कुठेही तांबूस छटा नाही, आणि पाण्यातला हिशेब चांदीच्या जवळ. तोही चांदी, असे आम्ही धरले आणि पुढे एका सराफाने ते मान्य केले. १९५१ चा रुपया ८.९. चांदी नाही.

मग लाल कापड सोडले. खरे सांगतो, ते सोडायला कोणी हात पुढे करेना. भिंगाची गरजच पडली नाही. मागे वाघ, खाली साल १९४७. आमच्यातल्या एका मुलाने चुंबक जवळ नेला आणि रुपया टक्क करून त्याला चिकटला.

खोलीत शांतता झाली. नाणे चांदीचे नाही, एवढीच गोष्ट असती तर सोपे होते. भारतातून करारबद्ध मजूर बाहेर पाठवण्याची पद्धत १९१७ मध्येच थांबली होती. पणजोबा १९४७ च्या कितीतरी आधी देवाघरी गेलेले. म्हणजे हा रुपया त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. आणि चिठ्ठी तर तयार होती.

काहीजण म्हणाले, कशाला सांगायचे? काकी ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी आयुष्यभर तो रुपया दिवाळीला पूजेत ठेवला आहे. राहू दे त्यांचा विश्वास. दुसरे म्हणाले, विश्वास घरात राहू द्या, पण प्रदर्शनात खोटी चिठ्ठी कशी लावायची? तेथे इतरांची मुले येणार, वाचणार, साल बघणार. एखादे चलाख पोर १९४७ वाचून हसले, तर मग आपल्या खऱ्या गोष्टींवरही कोण विश्वास ठेवील? आपल्या लोकांच्या इतिहासावर आधीच थोडे कागद आहेत. त्यांत आपणच चुकीची भर घालायची नाही, असे शेवटी ठरले.

काकींना व्हिडिओवर फोन लावला. आम्ही शब्द जुळवत होतो, तोवर त्यांनीच विचारले, "वाघाचा रुपया बघितला का?" आम्ही म्हणालो, "काकी, तो रुपया १९४७ चा आहे. चांदीचा नाही." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाघाचा तर मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी दिला होता. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचा म्हणून. तात्यांचा काळा होता. काळा म्हणून सासूबाई पूजेत ठेवत नसत. वाघाचा चकचकीत, म्हणून तो ठेवायचा." आणि मग स्वतःशीच म्हणाव्या तसे म्हणाल्या, "दोन्ही एका कापडात असायचे. काळा केव्हा बाहेर पडला कोण जाणे."

आम्ही १८९० चा काळा रुपया कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, पण पडद्यावर त्यांना नीट दिसेना. "तोच असेल," म्हणाल्या. "मला सांगता येणार नाही." आम्हांलाही सांगता येणार नाही. नाणे चांदीचे आहे हे काटा आणि पाणी सांगू शकतात. ते कोणाच्या मुठीत होते, हे सांगू शकत नाहीत. चिठ्ठी आता नवी लिहिली आहे. '१८९० चा चांदीचा रुपया. घरातील आठवणीप्रमाणे पणजोबांचा. सोबत १९४७ चा निकेलचा रुपया, भारताच्या स्वातंत्र्याच्या वर्षी पाहुण्यांनी दिलेला. दोन्ही एका कापडात ठेवलेले.' एवढेच लिहिले, कारण एवढेच आम्हांला ठाऊक आहे. काकींना वाचून दाखवली. "बरोबर आहे," म्हणाल्या. वाटणीची गोष्ट अशी झाली, की चौघा भावंडांनी एकही नाणे विकायचे नाही असे ठरवले. पेटी काकींकडे परत गेली.

त्या काळ्या रुपयाबद्दल एक गोष्ट आम्हांला फार भावली. हिंदुस्थानचे रुपये कलकत्ता आणि मुंबई येथे पाडले जात, आणि मुंबईची टांकसाळ फोर्टात, बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आपली माणसे याच बंदरातून जहाजावर चढली. माणूस आणि रुपया एकाच शहरातून समुद्रापार गेले. एकाला पाच वर्षांच्या कराराने, दुसऱ्याला मजुरी म्हणून.

शेवटी चार गोष्टी सांगतो, त्या घरी गेल्यावर करा.

एक. नाणी तपासा, पण आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि त्यावर कोणी, केव्हा, काय सांगितले ते लिहा. ज्याने सांगितले त्याचे नावही. आमच्या पेटीत ही एक ओळ असती, तर दोन रुपयांची अदलाबदल झाली नसती.

दोन. विकायचे असेल तर आधी स्वतः तपासा, मग दोन ठिकाणी दाखवा. कुवेतमध्ये मौल्यवान धातूंची तपासणी आणि शिक्के यांसाठी वाणिज्य व उद्योग मंत्रालयाचा विभाग आहे. तुमच्या देशात सरकारमान्य तपासणी कोठे होते, ते विचारून घ्या. चांदीचे नाणे कधीही वितळवण्याच्या भावाने एकगठ्ठा देऊ नका. साल, टांकसाळ आणि अवस्था यांमुळे त्याची किंमत धातूपेक्षा जास्त असू शकते.

तीन. रत्नागिरीला नातेवाईक शोधायला गेलात, आणि कोणी प्रेमाने जुना रुपया हातात ठेवला, तर जरा थांबा. भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू धरली जाते, आणि १९७२ च्या कायद्यानुसार ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. प्रेमाची भेट विमानतळावर अडचणीची होऊ देऊ नका.

चार. नाण्यावरून पूर्वज शोधू नका. त्यासाठी कागद आहेत. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांची दप्तरे जपून ठेवली आहेत. पूर्वजांचा आप्रवासी क्रमांक घरात कुठे लिहिलेला सापडला तर तो घेऊन तेथे जा. नाव, गाव, जहाज, आगमनाचे साल, आणि काहींच्या बाबतीत छायाचित्रही मिळते. नाण्याने चांदी सांगावी, कागदाने माणूस सांगावा.

काकींचा परवा फोन आला होता. आता दिवाळीला पूजेत दोन्ही रुपये ठेवणार आहेत, काळा आणि वाघाचा. काळा घासायचा नाही, हे त्यांनी आम्हांलाच दोनदा बजावले.